नॅनोची बाटली आमच्या हातात, सूक्ष्मदर्शक कुणाच्या?

खरीप लागला की आमच्या चामोर्शी तालुक्यात युरियासाठी रांगा लागतात. रोवणी आटोपून काही दिवस झाले, पऱ्हे मातीत धरले, बांधीत पाणी साचले की धानाला खत पाहिजे. आणि ते आज पाहिजे, पुढच्या आठवड्यात मिळून उपयोग नाही. शेतकऱ्याची ही निकड विकणाऱ्याला पुरती ठाऊक असते. गेल्या काही हंगामांत एका कृषी केंद्रावर आम्हाला स्वच्छ सांगण्यात आले की, युरियाच्या बॅगा हव्या असतील तर सोबत नॅनो युरियाची बाटलीही घ्यावी लागेल. बाजारात याला 'लिंकिंग' म्हणतात. असे सक्तीचे लिंकिंग बेकायदा आहे आणि त्यावर कारवाई करावी, असे केंद्राच्या खत खात्याने राज्यांना बजावलेले आहे. पण कायद्याची प्रत घेऊन रांगेत कोण उभा राहणार? दोन एकरांचा कास्तकार बाटली घेतो, घरी नेऊन फळीवर ठेवतो आणि पोत्यातला युरिया तेवढा बांधीत फेकतो.

आमच्या समाजाची आणि नॅनो तंत्रज्ञानाची पहिली गाठ पडली ती ही अशी. गिऱ्हाईक म्हणून, आणि तेही सक्तीचे गिऱ्हाईक म्हणून.

नॅनो म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटींवा भाग. माणसाचा केस ढोबळमानाने ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. पदार्थाचे कण एक ते शंभर नॅनोमीटर इतके बारीक केले की त्याचे गुणधर्म बदलतात. सोने लाल दिसू लागते, चांदी अगदी अल्प प्रमाणात जंतू मारू लागते. यात जादू नाही आणि देवाची करणी तर मुळीच नाही. हे शुद्ध विज्ञान आहे, आणि म्हणूनच ते कुणाच्याही बापाची मिरास नाही.

पण या विज्ञानाभोवती आज एक मोठा बाजार उभा आहे. त्याला 'संशोधन व विकास सेवा' असे भारदस्त नाव आहे. या बाजारात वस्तू फारशी विकली जात नाही. विकली जाते ती यंत्राची वेळ, अहवाल आणि परवाना. एखाद्या लहान कंपनीला नॅनोकणांचे औषध, रंग किंवा खत काढायचे असेल, तर कोट्यवधी रुपयांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तिला विकत घेता येत नाही. मग ती आयआयटीच्या किंवा विद्यापीठाच्या यंत्र केंद्रात नमुना पाठवते, दर नमुन्यामागे फी भरते आणि अहवाल घेते. त्याहून मोठी कंपनी संपूर्ण संशोधनच कंत्राटावर करून घेते. प्रयोगशाळेत काही नवे सापडले की त्याचे पेटंट होते, पेटंटचा परवाना विकला जातो, त्यावर स्वामित्वधन मिळते. प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी स्वतःच कंपनी काढतात, आणि संस्थेचे 'इन्क्युबेटर' म्हणजे उबवणी केंद्र त्यांना जागा, यंत्रे आणि भांडवलदारांची ओळख मिळवून देते. मुंबई आयआयटीत असे केंद्र २००४ पासून आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून आहे.

हा सगळा डोलारा खाजगी भांडवलाच्या हिमतीवर उभा राहिला, असा समज कुणी करून घेऊ नये. २००१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नॅनो विज्ञानाचा पहिला कार्यक्रम काढला. २००६ मध्ये मुंबई आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था येथे नॅनो इलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे सरकारी पैशातून उभी राहिली. २००७ मध्ये 'नॅनो मिशन' आले, पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचे. पुढे मोहालीला खास नॅनो विज्ञानाची संस्था निघाली. हा पैसा कुणाचा? आगपेटीपासून खताच्या बॅगेपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणारा जो शेतमजूर आहे, त्याचाही. म्हणजे संशोधनाच्या भांडवलात आमचा वाटा आहे, नफ्याच्या वहीत मात्र आमचे खाते नाही.

आता त्या बाटलीकडे परत वळू. इफ्को या सहकारी संस्थेने गुजरातमधील कलोल येथील आपल्या नॅनो जैवतंत्रज्ञान केंद्रात हा द्रव युरिया विकसित केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झाला, ३१ मे २०२१ रोजी बाजारात आला. अर्ध्या लिटरच्या बाटलीची किंमत प्रथम २४० रुपये होती. दावा असा की ही एक बाटली ४५ किलोच्या एका पोत्याची जागा घेईल.

हिशेब कुणीही करून पाहावा. साध्या युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २० किलोंहून जास्त. पहिल्या नॅनो युरियात नत्र ४ टक्के. अर्ध्या लिटरमध्ये फार तर २० ग्रॅम. किलो आणि ग्रॅम यांच्यातला हा फरक हजारपटीचा आहे. इफ्कोचे उत्तर असे की जमिनीत टाकलेला बराचसा युरिया वाया जातो, नॅनोकण मात्र पानाच्या छिद्रांतून थेट आत जातात. ९४ पिकांवर, ११ हजार शेतांत चाचण्या घेतल्या, उत्पन्न सरासरी ८ टक्क्यांनी वाढले. युरिया वाया जातो हे खरेच आहे. पण कितीही काटकसर केली तरी वीस ग्रॅमचे वीस किलो होत नाहीत. झाडाच्या अंगात नत्र कुठून तरी यावे लागते. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 'प्लँट अँड सॉइल' या नियतकालिकात हाच प्रश्न विचारला आणि इफ्कोच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही असे लिहिले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केला. शिफारशीप्रमाणे दाणेदार युरिया दिलेल्या पिकाशी तुलना केली, तेव्हा नेहमीचा युरिया कमी करून नॅनोची फवारणी केलेल्या भाताचे उत्पन्न १३ टक्के आणि गव्हाचे २१.६ टक्के घटलेले आढळले. पुढे २०२४ मध्ये जास्त नत्राच्या 'नॅनो युरिया प्लस'ला मान्यता मिळाली. त्यात २० टक्के नत्र धरले तरी बाटलीत १०० ग्रॅमच भरते.

तेरा टक्के हा आकडा शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. दोन एकरांच्या धानात तेरा टक्के म्हणजे घरातल्या काही महिन्यांची चूल.

यात एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. पोत्यातला युरिया भेसळीचा निघाला तर शेतकऱ्याला दाणा चोळून, पाण्यात विरघळवून थोडाफार अंदाज येतो. बाटलीतला कण वीस नॅनोमीटरचा आहे की दोनशेचा, हे तो कशाने ओळखणार? चामोर्शीच्या कास्तकाराला सोडा, तालुका कृषी अधिकाऱ्यालाही ते डोळ्यांनी सांगता येणार नाही. त्यासाठी यंत्र पाहिजे. यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याचा शब्द प्रमाण. पूर्वी पोथी ज्याच्या हातात असे त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. आम्हाला पोथी वाचण्याची बंदी होती, आज यंत्राजवळ जाण्याची ऐपत नाही.

डोळ्यांनी पाहता येत होते तोवर आमच्या माणसाने काय करून दाखवले, याची साक्ष आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे (मराठवाड्यातले नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे आपल्याच समाजातले. तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबी वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत गेले आणि त्यातून बारीक, चवदार, भरघोस पिकणारा वाण उभा केला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून व्यापाऱ्यांनी त्याला 'एचएमटी' म्हटले. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातून तो इतर राज्यांतही गेला. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच धानापासून 'पीकेव्ही एचएमटी' नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही त्याचे शुद्धीकरण केले. दादाजींचे म्हणणे, बियाणे माझे आहे. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतले. हार-तुरे पुष्कळ झाले. ज्या वाणावर गिरण्या, व्यापारी आणि बियाणे कंपन्या यांनी वर्षानुवर्षे धंदा केला, त्याचे स्वामित्वधन मात्र दादाजींच्या घरी आले नाही. २०१८ च्या जून महिन्यात आजार आणि गरिबी यांच्याशी झुंजत ते गेले.

दादाजींचे काम हेही 'संशोधन व विकास'च होते. त्याला फक्त दोन डोळे, एक वही आणि चिकाटी लागली. उद्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने नॅनोमध्ये तेच करायचे ठरवले तर?

हा प्रश्न हवेतला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवून दिले की कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण तयार होतात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अर्क घातला की द्रावण हळूहळू पिवळसर-तपकिरी होते. एवढा प्रयोग चामोर्शीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. आमच्या जंगलात निंबच काय, अशा शेकडो वनस्पती आहेत. रंग बदललेला मुलीला दिसेल. पण कण खरोखर झाले का, किती नॅनोमीटरचे झाले, हे सिद्ध करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो लागतो. फोटोशिवाय शोधनिबंध नाही, पेटंट नाही, कंपनी नाही. त्यासाठी नमुना दूर नागपूर-मुंबईला पाठवायचा, फी भरायची, तारखेची वाट पाहायची. बाप रोजगार हमीवर जाणाऱ्या मुलीने ही फी कुठून आणायची? रंग बदललेली बाटली कपाटात राहते आणि तिचा एमएस्सीचा निकाल लागून ती तलाठ्याच्या परीक्षेला बसते.

धानाच्या तुसाचे तसेच. तूस जाळल्यावर जी राख उरते तिच्यात बहुतांश सिलिका असते. टाटा उद्योगसमूहाने २००९ च्या डिसेंबरात 'स्वच्छ' नावाचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या गाळणीत हीच राख होती आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. विजेशिवाय चालणारे, हजार रुपयांच्या आतले यंत्र म्हणून त्याची वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. इकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या राईस मिलमध्ये तुसाचे ढीग बॉयलरमध्ये आणि वीटभट्ट्यांत जळतात. तूस आमच्या बांधीतले, त्याचे ज्ञान दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतले. कोनसरीला लोहप्रकल्प आला तेव्हा नोकऱ्यांसाठी मोर्चा काढणे आपल्या लोकांना समजते. प्रयोगशाळेसाठी मोर्चा काढल्याचे आम्ही अजून ऐकले नाही.

मग प्रयोगशाळेत बसतो कोण? इथे व्यवस्थेने दार कसे लावून घेतले आहे ते पाहा. १९७५ च्या केंद्राच्या आदेशानुसार संशोधन करणारी किंवा संशोधनाला मार्गदर्शन करणारी वरच्या श्रेणीतील शास्त्रीय व तांत्रिक पदे आरक्षणातून वगळता येतात. १९९२ च्या मंडल निकालातही संशोधन संस्थांतील तांत्रिक पदांसाठी आरक्षण उचित नाही, असे मत नोंदवले गेले. केंद्रीय शिक्षण संस्थांतील प्रवेशाच्या २००६ च्या कायद्याने आणि अध्यापक भरतीच्या २०१९ च्या कायद्याने काही 'उत्कृष्ट' संस्थांना परिशिष्टात टाकून आरक्षणातून सूट दिली. त्या यादीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि बंगलोरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही आहे. हे केंद्र म्हणजे देशातल्या नॅनो विज्ञानाचे माहेरघर. त्याचे संस्थापक अध्यक्ष प्रा. सी. एन. आर. राव हेच नॅनो मिशनच्या परिषदेचेही अध्यक्ष होते. त्यांच्या विद्वत्तेला आमचा प्रणाम आहे. पण हजार कोटी ज्या क्षेत्रात ओतले गेले, त्याचे माहेरघरच आरक्षणाच्या कक्षेबाहेर, हा योगायोग समजावा काय?

आणखी एक उदाहरण. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते 'नॅनोस्निफर' या यंत्राचे उद्घाटन झाले. स्फोटकांचा माग दहा सेकंदांच्या आत काढणारे हे यंत्र मुंबई आयआयटीत उबवलेल्या नॅनोस्निफ कंपनीने बनवले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा चालक गमावलेल्या गडचिरोली जिल्ह्याला अशा संशोधनाचे मोल कुणी सांगायला नको. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक प्रा. व्ही. रामगोपाल राव. हेच राव दिल्ली आयआयटीचे संचालक असताना २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने नेमलेल्या समितीचे प्रमुख होते. आणि त्या समितीने शिफारस केली की आयआयटींनाही त्या 'उत्कृष्ट' संस्थांच्या यादीत घालून अध्यापक भरतीतल्या आरक्षणातून मोकळे करावे. सार्वजनिक पैशातून प्रयोगशाळा, प्रयोगशाळेतून कंपनी, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी 'गुणवत्ते'ची पाटी! गुणवत्तेचा हा युक्तिवाद आम्ही फार ऐकला. दादाजी खोब्रागड्यांची गुणवत्ता कुणाच्या तराजूत मोजली गेली होती?

परमपूज्य बाबासाहेबांनी हे १९४२ मध्येच ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी सरकारला दिले, त्यात स्पष्ट म्हटले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे, ते आमच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने त्यासाठी खास शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशीही पाठवावे. स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या माणसाने हे लिहिले! पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला, तोही याच दृष्टीने. यंत्र माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवते. दोष यंत्राचा नसून त्याची मालकी मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. तेव्हा नॅनो युरियावर प्रश्न विचारतो म्हणून आम्हाला कुणी विज्ञानविरोधी म्हणू नये. आम्ही चाचणी मागतो आहोत.

सरकारकडे योजना नाहीत असे नाही. २०२० मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने बाबासाहेबांच्या नावाने नवउद्योगांची योजना काढली. चार वर्षांत अनुसूचित जातींच्या एक हजार तरुणांना शोधायचे आणि प्रत्येकाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल द्यायचे, असे तिचे उद्दिष्ट. कागदावर उत्तम. पण हे तरुण शोधायचे कुठे, तर त्याच उबवणी केंद्रांत, जिथे आमची मुले मुळात पोचतच नाहीत. आणि बार्टीची संशोधन शिष्यवृत्ती? ती मिळावी म्हणून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानात बसावे लागले. प्रयोगशाळेत बसण्याच्या वयात मैदानात!

म्हणून चळवळीतल्या संघटनांनी, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरच्या कार्यकर्त्यांनी, काही मागण्या ठरवून लावून धरल्या पाहिजेत. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथे नॅनोकणांची तपासणी करणारे सुसज्ज यंत्र केंद्र व्हावे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे नमुने तिथे विनामूल्य तपासले जावेत. ते होईपर्यंत राज्यातल्या कोणत्याही यंत्र केंद्राची फी बार्टी आणि आदिवासी विकास विभागाने परस्पर भरावी. हा खर्च एका उद्घाटन समारंभाच्या मंडपापेक्षा जास्त होणार नाही. अनुसूचित जाती उपयोजनेतला किती पैसा विज्ञान विभागाने नॅनो संशोधनात आमच्या मुलांवर खर्च केला, याचा वर्षवार हिशेब संसदेत मांडायला आपल्या खासदारांनी भाग पाडावे. राखीव जागांवरून निवडून गेलेले पुष्कळ आहेत. त्यांनी २०१९ च्या कायद्याचे ते परिशिष्ट एकदा तरी वाचावे.

आणि नॅनो युरियाचा निकाल आमच्याच बांधीत लागू द्या. सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचे धान संशोधनाचे केंद्र आहे, गडचिरोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांनी चामोर्शी तालुक्यातल्या लहान कास्तकारांच्या शेतात तीन बांध्या शेजारी-शेजारी घ्याव्यात. एकीत नेहमीचा युरिया, दुसरीत निम्मा युरिया आणि नॅनोची फवारणी, तिसरीत निम्मा युरिया आणि नुसत्या पाण्याची फवारणी. ही तिसरी बांधी फार महत्त्वाची. तिच्यावाचून नॅनोने काय केले ते कळणारच नाही. कापणीच्या दिवशी ग्रामसभेसमोर मळणी करून धान मोजावे आणि आकडे मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. तोवर कुठल्याही केंद्राने बॅगेसोबत बाटली बांधली, तर शेतकऱ्याने बिलावर दोन्हींची वेगळी नोंद मागावी आणि ते बिल जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नये.